ट्रम्पेटची जागा

प्रिय बारक्या,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. निदान चालते-फिरते तरी आहेत. पत्रं लिहिणं हा माझा पिंड नाही, हे तुला ठाऊक आहे. सकाळपासून या टेबलाशी बसते काय, उठते काय, खिडकी उघडते काय, वाऱ्याने कागद उडाले की पुन्हा लावते काय, नुसता जीव वरखाली होतोय. फोन केला असता, पण दादाचं नाव काढलं की तू "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

बँडची तालीम अजून तिथेच होते, लाँड्रीच्या वरच्या खोलीत. खालून इस्त्रीची वाफ येते आणि माझ्या पियानोच्या पट्ट्या फुगतात, तेही तसंच. दादा सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. सॅक्सोफोनची पातळ पट्टी ओली करायला तोंडात धरतो आणि तशीच धरून हुकूम सोडतो. "हळू घ्या" म्हणतोय की "पुन्हा घ्या" म्हणतोय, कुणाच्या बापाला कळत नाही. ढब्ब्या ड्रमवर बसल्या बसल्या मान डोलावतो आणि त्याला हवं तेच वाजवतो. दादाची ती भाषा फक्त तुला कळायची. तू गेल्यापासून आम्ही सगळे अंदाजपंचे वाजवतोय.

परवा जुनं कपाट विकायला काढलं, तेव्हा वहिनींना सांगत होते की हीच आमच्या दादाची पहिली शाळा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर काठी आपटायचे, म्हणून हा दार लावून आत बसायचा, बाबांच्या कोटांमध्ये तोंड खुपसून तासन्‌तास सॅक्सोफोन फुंकायचा. आई म्हणायची, पोरगा वाया गेला तो गेला, पण निदान कपाटात गेला. मग ते हॉटेल, जिथे मॅनेजर येऊन सांगायचा की जरा हळू वाजवा, लोकांना आपलं बोलणं ऐकू येत नाही. मग जहाजावरची नोकरी. तिथून परत आला तो डोक्यात स्वतःचा बँड घेऊनच. मी बरी पोरांना सा-रे-ग-म शिकवत होते, मला म्हणाला उद्यापासून तू येतेयस. विचारलं नाही, सांगितलं. तुला तर सांगितलंसुद्धा नाही. तुझे ओठ नीट निरखले आणि ट्रम्पेट हातात ठेवलं. हट्टी मेला. पण खरं सांगू, त्या माणसाने मोजणी करून बोट उचललं की आपण सगळे एकदम जिवंत व्हायचो. तसं मला आयुष्यात दुसऱ्या कशानेच वाटलं नाही.

आता मुद्द्यावर येते. येतेच. थांब, जरा पाणी पिऊन येते.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात आम्ही नेहमीसारखं वाजवत होतो. आधी सगळ्यांनी मिळून चाल, मग एकेकाने आपल्या मनाने वाजवत हिंडून यायचं, शेवटी पुन्हा चाल आणि दादाने कोपर उचललं की संपलं. त्याने कोपर उचललं. आम्ही थांबणार, तेवढ्यात गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू! आम्हाला वाटलं, काहीतरी नवं सुचलंय स्वारीला. आम्ही गुमान त्याच्या मागोमाग वाजवत गेलो. मग तिसऱ्यांदा. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. पेपरात छापून आलं की या वयात एवढं धाडस म्हणजे कमाल आहे. दादाने चष्मा लावून ते वाचलं आणि मला विचारलं, "आपण कुठलं धाडस केलं गं?" मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तेव्हापासून गाणं मी संपवते. वेळ झाली की डाव्या हाताने खालचा एक जड सूर दाबते, बाकीचे त्यावर थांबतात, आणि दादाला वाटतं आपणच थांबवलं. आमच्यात यावर एक अक्षर बोलणं झालेलं नाही. ढब्ब्यासारखा बडबड्या माणूससुद्धा नुसता माझ्या डाव्या हातावर नजर ठेवून वाजवतो. वहिनी दादाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हे विसरणं वाढत जाणार, परतीची वाट नाही, वाजवणं कदाचित सगळ्यात शेवटी जाईल. येताना दादा गाडीत म्हणाला, डॉक्टर माणूस चांगला आहे पण फार रेंगाळतो, त्याला लय नाही. वहिनी हसता हसता रडायला लागल्या, तर यानेच त्यांना रुमाल दिला.

आणि आता तुझ्या चालीविषयी. नाक मुरडू नकोस, त्या विषयाशिवाय हे पत्र पुढे जाणार नाही. चाल तुझी, नाव तू दिलेलं, आणि रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा मधला तुझा ट्रम्पेटचा तुकडाच गायब. तुला ते दुकानात उभं राहून, चार परक्या लोकांसमोर कळलं. दादा म्हणाला लांबत होतं. म्हणे मी बँड चालवतो, मी ठरवणार. तू ट्रम्पेट पेटीत घातलंस आणि चालता झालास. तो स्वतःच्या तोंडाने चुकलो म्हणेपर्यंत पाऊल ठेवणार नाही म्हणालास. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून तुम्ही दोघंही माझ्यावर फुगलात. आज लिहून देते, तुझं खरं होतं. भावाने भावाशी असं वागू नये. त्याच चालीने आमचं नाव झालं, अजून लोक तिच्यासाठीच अडून बसतात, आणि इतकी वर्षं आम्ही ती रेकॉर्डवर आहे तशीच वाजवली, तुझी जागा बुजवून.

आता तशी वाजवत नाही. गेल्या काही कार्यक्रमांपासून दादा त्या जागी आला की सॅक्सोफोन तोंडातून काढतो, माइकपासून बाजूला सरकतो, डावीकडे, तू उभा राहायचास तिकडे तोंड करतो आणि थांबतो. पहिल्यांदा मला वाटलं, संपलं, पुढचं विसरला. मी घाईने तो जड सूर दाबला, तर माझ्यावर डोळे वटारले! मग आम्ही खालून नुसती लय धरून राहिलो. वर काहीच नाही. दादा मात्र मान हलवत ऐकतोय. तुझा तुकडा जेवढा होता तेवढा वेळ गेला, आणि अगदी बरोबर ठिकाणी तो पुन्हा आत आला. तालमीत मी आमच्या नव्या ट्रम्पेटवाल्या मुलीला तिथे उभं केलं, गुणी आहे पोरगी. दादाने तिला अगदी गोड शब्दांत खाली बसवलं, म्हणाला, बाळ, ही जागा आमच्या बारक्याची आहे. आणि मला विचारलं, "याला एवढा उशीर का झाला गं? रस्त्यात अडकला का?"

बारक्या, तो भांडण विसरलाय. रेकॉर्ड विसरलाय, लांबत होतं म्हणालेलं विसरलाय. चुकलो हे शब्द तुला आता मिळायचे नाहीत. ते ज्याच्याकडून यायचे होते त्याला आठवतच नाही की आपण काही केलं. हा तुझ्यावर दुसरा अन्याय आहे, आणि त्याची दाद कुणाकडे मागायची मला कळत नाही. महिनाअखेरीस मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. हा शेवटचा, असं मी आणि वहिनींनी ठरवलंय. आम्ही ते त्याला सांगितलेलं नाही. मी त्याला म्हटलंय की तू येतोयस. तू नाही आलास तर मी खोटारडी ठरेन, त्याचं मला काही नाही, तो तेही विसरेल. पण कालच्या तालमीत तो त्या जागी आला, डावीकडे वळला, आणि जेमतेम दोन श्वास थांबून लगेच वाजवायला लागला. तिथे कुणाची तरी वाट बघायची असते हेही त्याच्या मनातून जायला लागलंय. ते पुरतं जायच्या आत ये.

तुझीच,
ताई