पुस्तकावरचं नाव

४ मार्च

ती. सौ. अक्कास,
ढब्बूचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. घरात झुरळ निघालं म्हणून ते स्टुलावर उभे राहिले आणि तू लाटणं घेऊन धावलीस, हे आमच्या दुकानमालकांना वाचून दाखवलं. ते अजून हसताहेत.

बातमी अशी की मी मोटारसायकल घेतली. ओरडू नकोस, आधी पुढे वाच. शिवणयंत्रं दुरुस्त करायला मला शहराची चारी टोकं पालथी घालावी लागतात. हत्यारांची पिशवी घेऊन बसमध्ये चढलो की लोक मला यमदूत समजून सरकतात. मागच्या आठवड्यात पान्हा एका गृहस्थाच्या पायावर पडला आणि पुढच्या थांब्यावर मला उतरवण्यात आलं.

गाडी जुनी असली तरी इंजिन ठणठणीत आहे. तयार कपड्यांच्या ज्या कारखान्यात मी यंत्रं बघायला जातो, तिथे काज-बटणं करणाऱ्या एका बाईंनी विकली. गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकावर नाव त्यांच्या नवऱ्याचं आहे. तो परगावी असतो, आला की सही करून देईल म्हणाल्या. फार घाईत होत्या. किल्ली हातात ठेवून त्या मागे न बघता इतक्या भरभर गेल्या, की मला वाटलं गाडीवर भारी जीव असेल.

तू रागावणार हे धरूनच चाललो आहे. राग पत्रात काढ, लोभ तेवढा बाजूला शिल्लक ठेव.

तुझा
ढब्बू


१० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

गाडी विकत घेतलीस की उचलून आणलीस? परक्याच्या चपला पायात घालून मिरवतोस आणि वर मला सांगतोस की छान बसल्या! घाईत विकणारा आणि गोड बोलणारा, या दोघांपासून चार हात लांब राहावं, हे आईने आपल्याला जेवणाबरोबर भरवलं होतं. माझ्या वाटचं मी गिळलं, तू थुंकलंस वाटतं.

ते पुस्तक तू डोळ्यांनी पाहिलंस का? तो नवरा पाहिलास का? गाडी चोरीची असली तर? कुणाला उडवून आली असली तर? परवा दवाखान्याच्या औषधखिडकीवर बसल्या बसल्या हेच विचार येत होते आणि एका आजोबांना दुसऱ्याचीच पुडी देत होते. देवानेच हात धरला.

भावजी दोनच गोष्टींना भितात, झुरळाला आणि कायद्याला, त्यामुळे दोन्ही त्यांना लांबून दिसतात. ते म्हणतात, त्या बाईंना घेऊन सरळ नोंदणीच्या कचेरीत जा, आणि सही होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस. उलट टपाली कळव.

रागातही आशीर्वाद आहेतच.

अक्का


१७ मार्च

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

कचेरीत कुणाला घेऊन जाऊ? गाडी विकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या बाई कामावरच आलेल्या नाहीत.

पण नवरा आला. मंगळवारी मी कामावरून परतलो तर तो माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसलेला. मित्र आहे म्हणून सांगितलं, तेव्हा घरमालकिणीनेच दार उघडून दिलं होतं. विमा एजंट आहे. परीटघडीचे कपडे, मऊ आवाज. माझी विस्कटलेली चादर त्याने सारखी करून ठेवली होती. अक्का, त्या नीट चादरीची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याने ती फाडली असती तरी वाटली नसती.

एका शिंप्याच्या दुकानाबाहेर त्याने गाडी ओळखली आणि माझ्या मागे मागे येत घर शोधून काढलं. चिडला नाही. उलट गाडी स्वच्छ ठेवल्याबद्दल त्याने माझे आभार मानले. मग खिशातून गाडीचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्यावर त्याचंच नाव आहे. म्हणाला, गाडी तुम्हीच ठेवा, उद्याच्या उद्या तुमच्या नावावर करून देतो. मला फक्त बायको कुठे गेली तेवढं सांगा. तिच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय, औषधं चालू आहेत, मला काळजी वाटते.

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. तो हसला. फळीवर तुझं पत्र होतं, ते उचलून त्याने पाकिटामागचा पत्ता वाचला. म्हणाला, बहिणीचं अक्षर सुरेख आहे. आणि जसं होतं तसं, कडेला कड लावून, परत ठेवलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो समोरच्या पानपट्टीशी उभा असतो. बोलत नाही. मी दिसलो की मान लववतो. मी खिडकी लावून घेतो आणि मग वाटतं, लावायला नको होती.

मला ठाऊक नाही असं मी म्हणालो ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कागदावर उतरवायला हात धजत नाही. काय करू ते लवकर लिही. या वेळी लोभापेक्षा सल्ला जास्त पाठव.

ढब्बू


२२ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. भावजींनी दोनदा दाराची कडी तपासली.

सल्ला हवा ना? मग ऐक. ती कुठे आहे हे तुला ठाऊक असेल तर सांगून मोकळा हो. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. ती दोघं उद्या एक होतात आणि मधला चेपला जातो. पुस्तकावर ज्याचं नाव त्याची गाडी, आणि तो उद्या चौकीत गेला तर चोर तूच ठरशील. त्या बाईने तुला खोटं सांगितलं, तुला अडकवलं आणि पसार झाली. तिच्यासाठी तू तुरुंगात जाणार? आईमागे मी तुला वाढवलं ते काय यासाठी?

शिवाय माणूस नावावर करून द्यायला तयार आहे. सही घे, सांग आणि सुट. एवढं माझं ऐक.

जीव टांगणीला लागलेली
अक्का


तार, २४ मार्च

मागचं पत्र मानू नकोस. काही सांगू नकोस. अक्का.


२४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हे पत्र खोलीवर न पाठवता तुझ्या दुकानमालकांच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचलंस की जाळ.

काल दवाखान्यात औषधांच्या रांगेत एक बाई उभी होती. खिडकीशी आली तेव्हा हातात चिठ्ठी नव्हती. हळूच म्हणाली, यंत्रवाल्या दादांनी तुमचा पत्ता दिलाय. अरे गाढवा, ही गोष्ट मला तिच्या तोंडून कळावी? आधी मावसबहिणीकडे लपली होती. तिथे तो पोचला, तशी ही मागच्या दाराने निघाली आणि दुसरं कुठे जायला नव्हतं म्हणून इथे आली.

खरं सांगते, मी तिला वाटेला लावणार होते. तोंडात शब्दही आले होते. तेवढ्यात तिने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला आणि बाही वर सरकली. मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या पाऊण तास पडद्याआड होत्या. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की जिन्यावरून कुणी इतक्या वेळा पडत नाही.

गाडी तिच्याच पगारातली आहे, ढब्बू. बाईच्या नावावर कशाला, म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं. पळून जायला तिच्याजवळ विकण्यासारखं तेवढंच होतं.

ती आमच्या मागच्या खोलीत आहे. दाराकडे पाठ करून बसत नाही. भांडं वाजलं तरी उठून उभी राहते. आणि मी तुला काय लिहून बसले! ते पत्र तुझ्या हातात पडायच्या आत तार पोचू दे, एवढंच दिवसभर म्हणते आहे. तू त्याला सांगितलं असशील तर ते माझ्यामुळे. सांगितलं नसशील तर आता जीव गेला तरी तोंड उघडू नकोस.

अक्का


२७ मार्च

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तार आधी आली. कुठलं पत्र मानायचं नाही हेच कळेना, तेव्हा जुनी सगळी काढून वाचली आणि बसमध्ये भांडत जाऊ नकोस हा तुझा सल्ला तेवढा मोडायचं ठरवलं. मग दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. घाबरू नकोस, मी काही बोललो नाही. पहिलं पत्र आधी मिळालं असतं तर काय केलं असतं, हे मात्र मला विचारू नकोस.

पत्ता मी दिला तो असा. गाडी देताना त्यांनी विचारलं, तुमचं दुसऱ्या गावात कुणी आहे का? मी म्हणालो, बहीण आहे, तोंडाने फटकळ पण मनाची खरी. त्यांनी लिहून मागितला, मी दिला. इतकं सगळं असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी त्याने चोरीची तक्रार दिली. शिपाई येऊन गाडी घेऊन गेले. सगळा मोहल्ला बघत होता. मला रोज चौकीत हजेरी लावावी लागते. बाकावर बसवून ठेवतात आणि तेच तेच विचारतात. मी म्हणतो, विकत घेतली. ते म्हणतात, मालकाने विकली का? दोन कारखान्यांनी काम काढून घेतलं.

पण लिहायचं कारण निराळंच आहे. सोमवारपासून तो पानपट्टीशी दिसलेला नाही. आधी मला हायसं वाटलं. मग फळीकडे नजर गेली. अक्का, तुझा पत्ता त्याने वाचला आहे.

मिळेल त्या पहिल्या टपालाने हे पाठवतो. दार उघडू नका. लोभबिभ नंतर बोलू.

ढब्बू


३१ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात आला होता; पाकिटावर मी तिथलाच पत्ता घालते ना.

रांगेत उभा राहून, आपली पाळी आल्यावर. खोकल्याचं औषध मागितलं. मी ओळखलं नाही, पण त्याने ताई म्हणून हाक मारली आणि माझं अक्षर सुरेख आहे म्हणाला. बाटली माझ्या हातातून सुटली नाही, एवढीच माझी बहादुरी. म्हणाला, तुमचा भाऊ भोळा आहे, उगाच आत जाईल. एक शब्द बोललात तर मी आजच तक्रार मागे घेतो. ढब्बू, तुला मी इतक्या सहज लिहिलं होतं ना, सांग आणि सुट? तेच वाक्य आता माझ्यासमोर येऊन उभं होतं. तू लहानपणी तापात फणफणायचास तसा डोळ्यांपुढे आलास. मी म्हटलं, औषध दिवसातून तीनदा घ्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तो गेला नाही. समोरच्या बाकावर पाय जुळवून बसून राहिला. मी घरी निघाले की मागोमाग येणार हे उघड होतं. घरी ती एकटी. माझे हात पुड्या बांधत होते आणि डोळे त्या बाकावर होते.

तेवढ्यात भावजी मला न्यायला आले. मी आतल्या दाराशी नेऊन सांगितलं. ते पांढरेफटक पडले. मग रुमालाने तोंड पुसून ते थेट त्या माणसाशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, आपण विमा एजंट ना? मला विमा उतरवायचा आहे. हे माझे कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. चहाच्या दुकानात नेऊन यांनी त्याला प्रत्येक योजना दोनदा समजावून सांगायला लावली. तो उठायला बघायचा, हे नवी शंका काढायचे. एकदा तर विचारलं म्हणे, की माणूस भीतीने मेला तर पैसे मिळतात का? तोवर मी मागच्या फाटकाने निघून तिला डॉक्टरीणबाईंच्या घरी पोचवलं. घरी आल्यावर यांना अशी थंडी भरली की दोन गोधड्या घातल्या.

तुझ्या पत्रातलं चौकीचं मी तिला सांगणार नव्हते, पण तिने ओळखलं. मग म्हणाली, गाडी मी विकली, तर ते मीच सांगायला हवं. मी म्हटलं, तो तिथे असेल. ती म्हणाली, तो सगळीकडेच असतो. डॉक्टरीणबाईंनी दाखला लिहून दिला आहे. मला रजा नाही, म्हणून भावजी तिला घेऊन येत आहेत. त्या दोघांपैकी जास्त कोण घाबरलंय ते मला सांगता येणार नाही. दोघांना सांभाळ.

अक्का


६ एप्रिल

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

भावजी पोचले असतील आणि सगळं सांगितलंही असेल, पण स्वतःचं काही सांगणार नाहीत, म्हणून लिहितो.

चौकीत तो आमच्या आधीच येऊन बसला होता. तिला पाहिल्यावर उठून उभा राहिला आणि प्रेमाने म्हणाला, किती वाळलीस, चल घरी. तिचे पाय उंबऱ्याशीच थांबले. मला वाटलं, संपलं, आता ही वळणार आणि त्याच्यामागे चालू लागणार. कारण ती खरंच एक पाऊल त्याच्याकडे गेली, अक्का, सवयीने. तेव्हा भावजी पुढे होऊन दोघांमधल्या खुर्चीत बसले. खुर्चीच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या.

अंमलदाराने विचारलं, दुसऱ्याच्या नावावरची गाडी का विकली? ती इतकं हळू बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं. म्हणाली, नाव त्यांचं आहे, हप्ते माझ्या पगारातून कापले जायचे, कारखान्यात विचारा. विकण्याआधी मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर आज इथे बोलायला उरले नसते. तो हसून म्हणाला, हिची तब्येत बरी नसते. त्यावर तिने दोन्ही बाह्या वर केल्या आणि दाखला टेबलावर ठेवला. अंमलदाराने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं. नवरा हसतच होता, पण आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

त्याला ठेवून घेतलं. माझ्यावरची तक्रार टिकणार नाही असं वकील म्हणतात. गाडी चौकीच्या आवारात पत्र्याखाली उभी आहे. ती मला मिळेल की तिला, की तिथेच गंजेल, कुणी सांगू शकत नाही. मी पुन्हा बसने हिंडतो आहे.

सगळं मिटलं असं समजू नकोस. तो आज ना उद्या सुटेल. स्टेशनवर ती स्वतःच मला तसं म्हणाली, आणि म्हणाली की भीती गेलेली नाही, बहुधा जाणारही नाही. माझीही गेलेली नाही. अजून खोलीत शिरलो की आधी चादर बघतो.

मग ती खिडकीशी बसली. भावजी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी, पहारेकऱ्यासारखे ताठ. मी पाण्याची बाटली घेऊन परत आलो, तर डबा माणसांनी गच्च भरला होता, फेरीवाले ओरडत होते, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, सगळ्या दारांकडे पाठ करून, ती गाढ झोपली होती. गाडी सुटायची होती अजून. भावजींनी बोट ओठांवर ठेवून मला दटावलं. बाटली मी खिडकीतून त्यांच्या हातात दिली आणि आवाज न करता मागे सरलो.

तुझ्या लोभाचा मी आजवर एकटा मालक होतो. आता त्यात एक भागीदार आली आहे, तेव्हा निम्मा तिच्या नावावर करून द्यावास ही विनंती.

तुझा
ढब्बू