मंजीची निळी घोडी

पौष शु. १३, शके १७८५. तेल्हारा.
अकोल्याहून परतलो. कापसाला असा भाव! दलालाला दोनदा विचारलं, चेष्टा तर नाही ना? मुलूख वेडा झालाय. धाकट्या काकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मी घोडी घेणार. ठरलं!
तिवशाचं स्थळ पक्कं केल्यापासून मंजी माझ्याशी बोलत नव्हती. आठ वर्षांची पोर, पण हट्ट माझाच. घोडीचं ऐकून आज तोंड उघडलं. "निळीच आणजा, बाबा. तिच्यावर बसूनच सासरी जाईन. दुसरी आणली त जाणारच नाही."
दिलं वचन. अमरावतीच्या सौदागराकडे निळी आहेच.

पौष व. ६.
आणली! काय चाल, काय कान! वाटेत जो तो म्हणे, "निळी हाये बरं, पाटील!" मंजी दारातून धावत आली, अन् थबकली.
"हे त पांढरी हाये."
म्हटलं, घोड्यांत या राखी रंगालाच निळा म्हणतात.
"मंग आभाळ बी राखेवानी हाये काय?"
सौ. हसून हसून भिंतीला टेकली.

पौष व. ८.
अर्धं गाव साक्षीला बोलावलं. सगळे म्हणाले, निळीच. मंजीने प्रत्येकापुढे आईचं निळं लुगडं धरलं. "मंग हे काय?" एकेक जण पागोटं सावरत उठला. सौ. म्हणे, चंद्रकळा तरी कुठे चांदण्याची, काळी कुळकुळीत असते. ही कोणाच्या बाजूने, कळेना.
तिवशाचा माणूस आलाय. मुहूर्त विचारतो. त्याला थांबवून घेतलं...

पौष व. ९.
नाल ठोकायला नालबंद आला. घोडीच्या पोटावर हात फिरवून म्हणाला, "गाभण हाये, पाटील." मी उडालोच!
मंजी: "शिंगरू कोण्या रंगाचं होईल?"
"काळंभोर. मंग हळूहळू निळं. तीन-चार पावसाळे लागतात, बाई."
"खरंखरं निळं?"
नालबंद माझ्याकडे पाहू लागला. मी घोडीकडे.
"मंग थे निळं झालं का त्याच्यावर जाईन. आभाळाशी लावून पाहीन आधी."

पौष व. १०.
तिवशाच्या माणसाला निरोप देऊन वाटेला लावलं: शिंगरू निळं झाल्यावर मुहूर्त. तो तोंडाकडे पाहतच राहिला. पाहू दे!
सौ. म्हणाली, "अन् आभाळावानी निळं झालंच नाही त?"
किती दिवसांनी असं हलकं वाटलं. मंजी अंगणात गात होती. घोडीला आज दुप्पट चंदी घातली.