नव्या फोनने चारचौघांत घेतलेलं नाव

ठाकुर्ली, शुक्रवार

तीर्थस्वरूप ताईस,

सर्वेशचा (मान वर न करता) साष्टांग नमस्कार. दाजींची पाठ कशी आहे? तुझा राग कसा आहे, हे विचारायची हिंमत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दाजींच्या हाती देतोय. रविवारी बारसं आहे आणि तू येणार नाहीस असा निरोप आलाय. छकुलीच्या कानात नाव सांगायला तिला दुसरी आत्या नाही गं.

ताई, फार लाज वाटते. आमच्या घरात रेंज धड नाही, म्हणून कंपनी बदल असं तूच मागे लागलेलीस. नंबर तोच ठेवायचा, कंपनी बदलायची, एवढंच काम. पण दुकानदाराने इतके प्लान पुढे टाकले की साड्यांच्या दुकानात योगिनीचं होतं तसं माझं झालं. शेवटी सिनेमे फुकटवाला घेतला (बघणार कोण? इथे झोपायला मिळत नाही), आणि जुन्या फोनवर ते चालणार नाहीत म्हणून फोनही नवा! तू साधा घे म्हणालेलीस. मी मोठ्या आवाजाचा घेतला, छकुलीच्या रडण्यात रिंग ऐकू यावी म्हणून. कोणाचा फोन आहे ते तो बोलूनही दाखवतो.

मंगळवारी माझ्या सासरची मंडळी बसलेली, तू डिंकाचे लाडू घेऊन आलेलीस आणि नेमकं तेव्हाच नवीन सिम चालू झालं. मला कोण आनंद! म्हटलं, ताई, लाव बघू माझा नंबर. तू लावलास, आणि फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "कटकट ताई कल्याण, उचलू नये." बंद कसा करायचा ते कळेना. तो परत म्हणाला. सासूबाई पदराआड हसल्या. तू डबा ठेवून उठलीस, पण रागाच्या भरात फोन कट करायला विसरलीस, त्यामुळे तू जिना उतरेपर्यंत इथे तेच चाललेलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं बघ.

नंबर नव्या फोनमध्ये घेताना दुकानदाराने चुकून तसं टाकलं असणार. हल्ली कोणाचा भरवसा नाही.

तुझा नालायक भाऊ,
सर्वेश

ता. क. योगिनीने पत्र वाचलं. म्हणते, खरं लिही, नाहीतर जेवायला वाढणार नाही. दुकानदाराचा काही दोष नाही. मीच टाकलेलं ते नाव. छकुली घरी आली तेव्हा ढेकर काढला का, शी झाली का, असे तुझे दिवसभर फोन, आणि प्रत्येक वेळी मला रेंजसाठी गच्चीवर पळावं लागायचं. पण पळायचो गं, विचार हिला.

ता. क. २. आता घरात रेंज आहे, पण ढेकर काढला का असं कोणीच विचारत नाही. ताई, ये. आम्ही ठरवलेलं नाव राहू दे, तुझ्या मनात असेल तेच तिच्या कानात सांग. मी कशी नावं देतो, ते सगळ्यांनी ऐकलंच आहे.