करंगळीची सही

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

विसरलास ना! काल तोंड दुखेपर्यंत बोलले तुझ्याशी, आणि आज शिवकन्या म्हणते, "आज्जे, बटणच दाबलं न्हाई तू. पान कोरं हाय." माणसं सांगितलेलं विसरतात. तू तर मी तोंडच उघडलं नाही असं दाखवतोस!

बरं, परत ऐक. मी बोलायचं, फोननं लिहायचं, अशी सोय नातीनं करून दिली. वाचणार नाही अशी शपथ घातलीय तिला. तू काय लिहितोस ते मला कुठं कळतंय? भिवराबाई शहाणी आहे, एवढं मधूनमधून लिहीत जा.

नात दिवाळीला आलीय. येताना एक बाटली आणि एक जांभळा टॉर्च घेऊन आली. उत्तरेश्वर, माझा लेक, सीताफळाचा गर काढून आइस्क्रीमवाल्यांना विकतो. साली घरामागं टाकतो, त्यावर माश्यांची जत्रा. त्याच साली ही पोरगी पोत्यात भरून कॉलेजला घेऊन गेलती. वाळवल्या, दळल्या, पाणी घालून कुकरसारख्या घट्ट भांड्यात कोंडून भट्टीत ठेवल्या. निघालं काय? चहाच्या रंगाचं पाणी! मी म्हटलं, "एवढं शिकून काढाच केलास की गं." तिनं टॉर्च मारला. काढा निळा पेटला! केसाच्या जाडीचे हजारो वाटे केले तर त्यातला एक वाटा, एवढाले कण म्हणे त्यात. त्याची भुकटी केली, की हाताचा घाम-तेल जिथं लागलं तिथं ती चिकटते. आणि उजेडात बोटाच्या रेषा चमकतात.

"चोर धरता येतो, आज्जे."

मी विषय बदलला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

विषय का बदलला ते तुला सांगते. फोडू नकोस.

बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा रोज हलका होतोय. सून सुरेखा म्हणते, रतनबाईच असणार. शेजारची रतनबाई ताक न्यायला येते, दोन घटका बसते. आज सुरेखानं तिला दारातूनच परत लावलं, "ताक संपलं." ताकाची कासंडी भरलेली, रतनबाईला दिसत होती! बिचारी रिकामं भांडं पदराआड घेऊन गेली.

लाडू मी खाते. चौसाळ्याच्या डॉक्टरनं गोड बंद केलंय — माझं. त्याचं स्वतःचं पोट बघितलंस का?

रविवार, २६ ऑक्टोबर

जेवताना शिवकन्येनं सांगितलं, पुण्याला पुढच्या अभ्यासाला तिची निवड झालीय. ह्याच भुकटीवर. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. आणि शनिवारी वडवणीचं स्थळ बघायला येतंय!

उत्तरेश्वर म्हणाला, "साली उकळायला पुणं कशाला? घरी चूल हाय की."

"बाबा, पोलिसांच्या कामाचं हाय हे."

"अस्सं? मग घरातला लाडूचोर धर आधी. धरलास तर स्वतः गाडीत बसवून देतो. न्हाई धरलास तर शनिवारी गप साडी नेसायची."

पोरीनं हात पुढं केला, बापानं टाळी दिली. आमच्या घरात टाळी दिली की दिली. ह्याच्या बापानं एकदा टाळीवर बैल दिला, परत बघितलं नाही.

मी घास ताटात ठेवला. पोरीचं पुणं आता माझ्या तोंडात!

सोमवार, २७ ऑक्टोबर

पोरीनं आधी सगळ्यांची दहाही बोटं काचेवर उठवून घेतली. रतनबाईचीसुद्धा. ती आली, फणकाऱ्यानं दहा बोटं दाबली आणि बसली नाही.

मग डब्याच्या झाकणावर भुकटी, मऊ कुंचला, खिडक्या बंद, टॉर्च. निळे डाग उठले. पण नुसते डाग! रेषा एक नाही. पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसं. माझा जीव भांड्यात पडला, आणि पोरीचं तोंड बघून पुन्हा बाहेर आला.

पोरगी लई वेळ त्या डागांकडं बघत होती.

उत्तरेश्वर हसला. "घ्या! चोराला बोटंच न्हाईत!"

खरं बोलला रे. जन्मभर ऊस तोडला, पाचट ओढलं, मोळ्या बांधल्या. बोटं घासून गोटा झाली. लोक आम्हाला अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता तेवढी बहाद्दरीही गेली.

"गुरुवारी अजून एकदा बघते," शिवकन्या म्हणाली. बापानं मान हलवली. सुरेखानं डबा घासून-पुसून फळीवर ठेवला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

लाडू खाल्ला नाही. सुरेखा पाहुण्यांसाठी साडीला फॉल लावत बसलीय.

बुधवार, २९ ऑक्टोबर

रेशनला गेले. मशीनवर अंगठा लागेना. दुकानदार त्रिंबक म्हणाला, "मावशी, दुसरं बोट लावा." लावलं. "न्हाई. त्याच्या शेजारचं." न्हाई. मागं रांग हसतेय. मी म्हटलं, "पायाचं लावू का रे?"

शेवटी राहिली डावी करंगळी. लहानपणी बैलगाडीच्या दांडीत चेमटली तेव्हापासून वाकतच नाही. ऊस मुठीत धरला तरी ही आपली बाहेर उभी, लग्नातल्या रुसलेल्या मावळणीसारखी. कधी काम म्हणून केलं नाही. ती लावली आणि मशीन वाजलं! त्रिंबक म्हणाला, "सापडली भिवरामावशी."

तांदूळ घेऊन आले. वाटभर करंगळीकडंच बघत होते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी सुरेखा गोठ्यात गेली. मी करंगळी केसांतून फिरवली — चांगलं तेल लागलं — आणि झाकणावर दाबली. जन्मात पहिल्यांदा सही केली म्हण. एक लाडूही काढला. रिकाम्या हातानं कसली चोरी?

दुपारी पुन्हा भुकटी, पुन्हा टॉर्च. आणि उठली की रे! भोवऱ्यासारखी गोल गोल रेघ, निळीशार. मी माझंच बोट असं कधी बघितलं नव्हतं. देखणं आहे!

"कुणाचं?" उत्तरेश्वर वाकला.

शिवकन्येनं काचा काढल्याच नाहीत. खाली मान घालून बसली. ही बोलत का नाही? मग मीच करंगळी वर केली, शाळेतल्या पोरासारखी.

"आई! तू?"

"मीच. पोरीनं धरलं मला."

"करंगळीनं कोण डबा उघडतं बे?" — रागात आईला बे म्हणाला!

"मोठ्या घरच्या बाया अशाच उघडतात."

सुरेखाला हसू आवरेना. मग ताकाची कासंडी उचलली आणि रतनबाईकडं गेली. बराच वेळ आली नाही.

उत्तरेश्वरनं पोरीकडं बघितलं, आपल्या तळहाताकडं बघितलं, आणि वडवणीला फोन लावला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

बापानं स्वतः गाडीत बसवून दिली. डबा माळ्यावर गेला. माझं शिडी चढायचं वय गेलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

शिवकन्येचा फोन आला. खोली बरी आहे, जेवण बेचव आहे. मी ऐटीत म्हटलं, "बघ, म्हातारीनं पुण्याला धाडली का न्हाई?"

ती हसली. "आज्जे, पहिल्या खेपेलाच कळलं होतं मला. रेषा नसलेले डाग. आपल्या घरात असा हात एकच हाय."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुझा लाडू बंद झाला असता."

शनिवारी साडी नेसायला निघाली होती कार्टी! माझ्या लाडवापायी!

सुरेखाला आता हाक मारते, पण तूही लक्षात ठेव, विसरभोळ्या — पोरीला बेसनाचे लाडू पाठवायचे. साजूक तुपातले, त्याच डब्यात. झाकण मी लावणार, वर करंगळी दाबून. तिला वाचता येईल.