सात महिने न वाचलेले प्रकरण

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट भाच्याने "मावशी, एवढ्यात कशाला?" म्हणून दोनदा हातातले पेन काढून घेतले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात भाच्याचे व त्याच्या बायकोचे, दोघांचे समान. माझ्या आजारपणात तिने केले तितके पोटच्या मुलीनेही केले नसते. अट एकच: मागच्या भिंतीवरचे मॉस, ज्याला तुम्ही शेवाळ म्हणता, ते घासून काढू नये. ती घाण नाही. वीस वर्षे तोंडी सांगून झाले, आता कागदोपत्री सांगते.

कलम दोन. माझा सूक्ष्मदर्शक, चिमटे, वाळवलेल्या नमुन्यांची दोन कपाटे व सगळ्या नोंदवह्या माझ्या सातव्या विद्यार्थिनीला द्याव्यात. प्रयोगशाळेत तिला सगळे "शंका" म्हणत, कारण तिला कायम काहीतरी शंका असे. कोणाची हरकत निघू नये म्हणून कारण सविस्तर लिहिते.

शंका माझ्याकडे आली तेव्हा माझ्या हाताखालून सहाजण डॉक्टर होऊन गेले होते आणि माझे नाव झाले होते. ते नाव एका शोधनिबंधावर उभे होते. भिंतीवरचे मॉस एकदा पूर्ण वाळले की सहा आठवड्यांत मरते, असे मी त्यात लिहिले होते. तिसऱ्या वर्षी शंकाने प्रबंधाचे चौथे प्रकरण माझ्या टेबलावर ठेवले. मी पहिली दोन पाने वाचली. मॉस हळूहळू वाळवले तर वर्षानेही पाणी घालताच हिरवे होते, असे तिचे म्हणणे होते. मी ते प्रकरण खालच्या खणात सारले.

"मॅडम, वाचलंत का?" ती दर सोमवारी दारातून विचारायची.

"बघते गं. जरा समितीचं काम आहे."

समितीचे काम होते, हे खरे. पण सात महिने नव्हते. आठव्या महिन्यात तिने विचारणे सोडले आणि मग येणेही सोडले. तिच्या फायलीत मी शेरा मारला: "चिकाटी कमी." सही करताना माझा हात अडखळला नाही, हेही लिहून ठेवते.

माझ्या स्वतःच्या मार्गदर्शकांनी मला दीड वर्ष त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवले होते. मी टिकले. म्हणून मला वाटे, टिकणे म्हणजेच शिकणे. हा खुलासा आहे, सबब नव्हे.

चार वर्षांनी खोली बदलताना तो खण रिकामा करावा लागला. त्याच खुर्चीत बसून मी सगळे प्रकरण वाचले. तिचे बरोबर होते. मॉस वाळवलेल्या शंभर बशांची रोजची नोंद, एकही दिवस न चुकवता. चिकाटी कमी!

पत्ता शोधून मी तिच्याकडे गेले. ती एका शाळेत विज्ञान शिकवत होती. रिकाम्या वर्गात आम्ही पोरांच्या बाकांवर बसलो. माफी कशी मागायची याची तयारी करून गेले होते, ती सगळी विसरले.

"तुझं बरोबर होतं," एवढेच म्हणाले.

तिने बाकावरचा खडू उचलून फळ्याशी ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, चुकलं असतं तरी चाललं असतं हो. तुम्ही लाल पेनानं फाडून काढलं असतंत तरी मी पुन्हा लिहिलं असतं. पण कुणी वाचायला तर हवं होतं ना?"



मी तो शेरा मागे घेतल्याचे पत्र दिले. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी "जुनं कशाला उकरता?" म्हणून ते तीनदा परत पाठवले, चौथ्यांदा मी त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले. माझा निबंध चुकीचा होता असे आम्ही दोघींनी मिळून छापले, तिचे नाव आधी. शंकाने शाळा सांभाळून, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे, प्रबंध पुरा केला. माझ्याकडे परत यायला ती तयार नव्हती आणि मी आग्रह केला नाही. पदवी मिळाली त्या दिवशी तिने फोन केला. "मॅडम, झालं," म्हणाली.

कलम तीन. वरील विभागप्रमुखांना माझा पितळी पेपरवेट द्यावा. कागद दाबून ठेवायला त्यांना तो उपयोगी पडेल. यात राग निम्माच आहे. उरलेल्या निम्म्यात मी त्यांच्याच शेजारी बसते; कागद मीही दाबून ठेवले होते.

कलम चार. बँकेतील ठेव संशोधन करणाऱ्या अशा मुलामुलींसाठी वापरावी, ज्यांचे मार्गदर्शक वारले, बदलून गेले किंवा नुसतेच गप्प झाले. कोणाला द्यायचे ते शंका ठरवेल. मदतीबरोबर एक वाचणारा माणूसही द्यावा, जो पंधरा दिवसांत लेखी उत्तर देईल. तो खण रिकामा केल्यानंतरच्या पाचही विद्यार्थ्यांना मी तसे उत्तर दिले. कामाला उशीर झाला तर तसे सांगावे; पोरांना उशीर सोसतो, गप्प बसणे सोसत नाही.

कलम पाच. निवृत्तीनंतरही माझ्याकडे एक शेवटचा विद्यार्थी आहे. दोन लहान मुले सांभाळून लिहितो, म्हणून सावकाश लिहितो. त्याचे शेवटचे प्रकरण गेल्या गुरुवारी माझ्याकडे आले असून ते पलंगाजवळच्या टेबलावर आहे. मी आज एकेचाळिसाव्या पानापर्यंत आले आहे; तिथे पेन्सिलीची खूण आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास बाकी विधी नंतर करावेत. आधी ते प्रकरण शंकाकडे पोचवावे आणि तिने खुणेपासून पुढे वाचावे. तो वाट बघत असेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करून दिले.

साक्षीदार: १. शेजारच्या ग्रंथपालबाई. २. माझे नेहमीचे डॉक्टर (लिहून देणार शुद्धीवर असल्याची खात्री त्यांनी माझ्याशी वाद घालून केली).

ठिकाण: राहते घर, वरची खोली.
मंगळवार, दिनांक ११ मार्च २०२५.

(सही)