लिंक मी दाबली

जालना, ३ सप्टेंबर २०२५

ती. सत्यशीलाकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुला रडताना ऐकून गलबलून आलं. फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते.

तुझ्या गटातली साखराबाई नेहमीसारखी तुझ्याकडून मेसेज वाचून घ्यायला आली. ‘पशुसंवर्धन विभाग, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांची नोंद आज पाचला रद्द.’ सरकारचं नाव दिसताच तू लिंक दाबलीस, तिचा आधार नंबर आणि ओटीपी भरलास, आणि बोकड विकून आलेले तिचे सगळे पैसे गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच तक्रार केलीस, खातं थांबवलंस, हे बराबर झालं. यापुढे इतकंच कर: मेसेज घाई करू लागला, लिंक देऊ लागला, की काही न दाबता जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचार. ओटीपी कुणालाच द्यायचा नसतो.

पण गावात बोलू नकोस. काका म्हणतात ते खरं आहे. बचत गटाची अध्यक्षच फसली म्हटल्यावर तुला कोण विचारेल? साखराबाईही गप्प राहायला तयार आहे.

एवढं माझं ऐक, आणि माया कमी करू नकोस.

तुझी पुतणी,
प्रांजली


धावडा, ९ सप्टेंबर २०२५

चि. प्रांजलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. पतसंस्थेत नोकरी करणारी तू, आणि सल्ला तुझ्या काकांचा! ते तर सदऱ्याचं बटण तुटलं तरी गावाला कळू देत नाहीत.

साखराबाई मला म्हणाली की तुम्ही काहून रडता, फोन तर माझाच व्हता. बोट माझं आणि शरम तिनं वाहायची? बिलकुल नाही.

रविवारी गटाच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं की लिंक मी दाबली. कुणी चहाला हात लावला नाही. मग नसरीननं पिशवीतून फोन काढला. तोच मेसेज, त्याच सकाळी आलेला! आणखी पाच जणींकडे निघाला. नसरीन म्हणाली की घरी जाऊन आजच भरणार व्हते.

तेवढ्यात तिच्याच फोनवर, बिल्ले तपासायचेत म्हणत, त्या ठगाचा फोन आला. मी तो हिसकावून घेतला आणि त्याला सुनावलं की बिल्ले तपासायचेत ना, मंग ये धावड्याला, शेळ्या आणि बाया दोन्ही हजर ठेवते. लगेच फोन ठेवला मेल्यानं. बाया हसून हसून लोळल्या.

साखराबाईचा पैसा येईल तेव्हा येईल, तोवर माझ्या दोन शेळ्या तिच्या दारात नेऊन बांधल्या. काका बोलत नाहीत. न बोलोत.

जीव आहे तुझ्यावर, पण ऐकणार नाही.

तुझी काकू,
सत्यशीला


जालना, १५ सप्टेंबर २०२५

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

काकांचं नाव मी उगीच पुढे केलं. मार्चमध्ये मला गाडीच्या दंडाचा मेसेज आला, सरकारी नावाचाच. लिंक उघडून मी दंड भरला आणि महिन्याचा पगार गेला. लोकांना सावध करणारी मीच फसले, या लाजेनं तक्रारसुद्धा केली नाही. एप्रिलमध्ये आमच्या पतसंस्थेतली पायल तशाच मेसेजला फसली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून रडत होती आणि मी तिला पाणी आणून दिलं. फक्त पाणी.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पायल डबा तसाच ठेवून उठून गेली. तिचा राग मला मान्य आहे.

सुटल्यावर सायबर पोलिसांत तक्रार द्यायला निघाले तर ती फाटकाशी उभी होती. माझ्याशी एक शब्दही न बोलता गाडीवर मागे बसली. तिथं खिडकीवरच्या माणसानं एवढे महिने काय केलं म्हणून मला विचारलं, तेव्हा तिनंच पुढे होऊन सांगितलं की आम्ही दोघी घाबरलो होतो, आता नाही.

अशीच रागावत राहा.

तुझी,
प्रांजली