सहा आठवड्यांत गुन्हेगार ओळखा

१ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. कोर्सच्या सरांनी बजावलंय, वागण्यावरून गुन्हेगार ओळखायचा, प्रोफाइलर व्हायचं, तर आधी नोंदी. ऑनलाइन कोर्स, सहा आठवडे, शेवटी सर्टिफिकेट. ही म्हणाली, एकसष्टाव्या वर्षी हे काय खूळ? तिला काय कळणार! गॅरेजमध्ये फरशी पुसायला लागलो होतो, आज मालक आहे. बॉनेट न उघडता नुसतं ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय की बेल्ट. इंजिन काय, माणूस काय, बिघडायच्या आधी आवाज करतंच. वाक्य छान झालं. सरांना पाठवावं.

४ फेब्रुवारी
धडा पहिला: हिंसक माणूस वरवर बघून ओळखू येत नाही. सरांना येत नसेल. लेकीसाठी स्थळं आली तेव्हा मी मुलगे बघितलेच नाहीत, त्यांच्या गाड्या बघितल्या. या जावयाच्या गाडीत धुळीचा कण नव्हता. प्रत्येक सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. म्हटलं, गाडीला एवढं जपतो तो बायकोला फुलासारखं जपेल. तिथल्या तिथे होकार.
सरावासाठी एक सस्पेक्ट निवडायचाय. समोरच्या बिल्डिंगमधला दाढीवाला.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
दाढीवाला. वय चाळिशीचं. कोणाशी बोलत नाही. रोज चादरी धुतो. रोज! कोण धुतं रोज चादरी? ज्याला पुरावा नष्ट करायचाय तो. परवा नायलॉनची दोरी विकत घेतली. ही म्हणाली, त्याच चादरी वाळत घालायला घेतली असेल. संशय घेणं ही कला आहे, सगळ्यांना जमत नाही.

१२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. प्रत्येक उत्तराआधी क्षणभर थांबत होती. जसं कोणाच्या तरी तोंडाकडे बघून बोलतेय. नेटवर्क खराब असणार.
म्हणाली, बाबा, चार दिवस राहायला येऊ? म्हटलं, ये की, पण जावईबापूंना विचारलंस का? मग म्हणाली, राहू दे, तुमचा कोर्स काय म्हणतोय? अर्धा तास सांगितलं. एकदाही मधे बोलली नाही. मन लावून ऐकते पोरगी.

१६ फेब्रुवारी
धडा तिसरा: मालकी गाजवणं, फोन तपासणं, माहेरच्यांपासून तोडणं, मारून झाल्यावर माफी. दाढीवाल्याला पडताळून पाहिलं. माहेर जमत नाही, पण त्याच्याकडे नातेवाईक कोणी फिरकत नाहीत. अर्धा मार्क.
संध्याकाळी जावयाचा फोन. बाबा, ती हल्ली फार हळवी झालीय, तिचं बोलणं मनावर घेऊ नका. तिचा फोनही आता तोच सांभाळतो, तिला त्रास नको म्हणून. एवढी काळजी मी हिची कधी घेतली नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी
जावयाची गाडी आली. पुढच्या काचेला तडा. म्हणाला, ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला, बाबा.
मिस्त्री तेवीस वर्षं माझ्याकडे आहे. काच उतरवता उतरवता थांबला आणि मला हाक मारली. तडा कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर. मिस्त्रीने बाहेरून हात फिरवला. दगड लागला की खळगा पडतो. इथे टेंगूळ आलं होतं. मिस्त्री म्हणाला, मालक, दगड आत बसला होता का?
म्हटलं, तोंड सांभाळ.
तड्यात एक लांब केस अडकला होता. लांब केस कोणाच्याही गाडीत सापडतो. जोरात ब्रेक दाबला असेल, लेकीने पट्टा लावला नसेल. पोरीला हजारदा सांगितलंय, पट्टा लाव.
नवी काच बसवून दिली. जुनी मिस्त्रीने भंगारात टाकली नाही, गोणपाटात गुंडाळून कपाटामागे ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी
आज गॅरेज झाडून काढलं, कपाटामागचं सोडून. तिथे झाडू पोचत नाही. धडा चौथा राहिला.

२७ फेब्रुवारी
दाढीवाला थेट गॅरेजमध्ये. म्हणाला, काका, तीन आठवडे माझ्या मागे फिरताय, काही हवंय का? आई अंथरुणाला खिळलीय, चादरी तिच्या असतात. म्हटलं, छे, डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. तो म्हणाला, मग जरा पुढे चालत जा, मला दडपण येतं.
प्रोफाइलमध्ये दुरुस्ती: आईवर अतिप्रेम. हेही लक्षण असतं.

६ मार्च
लेक घर सोडून गेली. माझ्याकडे नाही, मावशीकडे, म्हणजे माझ्या मेव्हणीकडे. हिला चार दिवस माहीत होतं. आज सांगितलं, तेही शपथ घालून की त्याला कळता कामा नये. मी म्हटलं, बापाकडे का नाही आली? ही म्हणाली, बापाला फोन केला होता की तिने. आणि भांडी घासायला गेली.
संकल्प: तोंड बंद.

९ मार्च, दुपारी ३
जावई आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. स्टुलावर बसून ढसाढसा रडला. हुंदके खरे होते, माझे कान फसत नाहीत. म्हणाला, एकदाच माफी मागू द्या बाबा, पाय धरतो तिचे. धडा पाचवा सांगतो, ज्याला पश्चात्ताप होत नाही तो धोक्याचा. याला तर होतोय. मोडणारा संसार बापाने नाही सावरायचा तर कोणी?
पत्ता दिला. वळण चुकू नये म्हणून नकाशाही काढून दिला. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून बघत राहिला.

१० मार्च
मेव्हणीचं मनगट मोडलं, दार अडवून धरताना. लेकीला सोळा टाके. त्याला शेजाऱ्यांनी पकडून दिलं.
वॉर्डात पोलीसबाई विचारत होत्या, त्याला पत्ता कोणी दिला? ही खिडकीबाहेर बघत राहिली. लेकीने माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाली, बाबा, जेवलात का तुम्ही?
मी दिला, म्हणालो.

१३ मार्च
मिस्त्री ती काच घेऊन पोलीस स्टेशनला गेला. मला विचारलं नाही. मागोमाग मीही गेलो. जबाबात सांगितलं, वीस फेब्रुवारीला दुपारीच मला कळलं होतं. पोलीसबाईंनी विचारलं, मग?
म्हटलं, मग नवी काच बसवून दिली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

१५ मार्च
सर्टिफिकेट आलं. एक्याण्णव टक्के. निरीक्षण: उत्कृष्ट.

२२ मार्च, सकाळी ११.३०
तो जामिनावर सुटला. ही आणि लेक दुसरीकडे राहायला गेल्या. कुठे, ते मला सांगितलेलं नाही. ही म्हणाली, राग नाही हो तुमच्यावर, भरवसा नाही. बॅगा मीच खाली नेऊन टॅक्सीत ठेवल्या. लेकीने हात हलवला. टॅक्सी कुठल्या बाजूला वळते ते बघायला नको म्हणून आत आलो. पण आवाजावरूनही कळतं मला. म्हणून नळ पूर्ण सोडून त्याच्यापाशी उभा राहिलो.
आत्ता त्याचा फोन येऊन गेला. तोच गोड आवाज. बाबा, कुठे आहे ती? तुम्हाला तर माहीत असणारच.
म्हटलं, नाही रे. मला सांगत नाहीत.